रफींचे स्मरण आणि वादकांचे देणे

जुलै महिना संपत आला, की मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतील नाट्यगृहांच्या फलकांवर एक नाव हटकून दिसू लागते. ३१ जुलै १९८० रोजी महंमद रफी यांचे मुंबईत निधन झाले. त्या घटनेला साडेचार दशके होत आली, तरी त्यांच्या स्मृतिदिनी आणि २४ डिसेंबरच्या जन्मदिनी त्यांची गाणी रंगमंचावरून सादर करण्याची प्रथा खंडित झालेली नाही. किंबहुना ज्यांचा जन्मच रफींच्या मृत्यूनंतर झाला असे गायक आणि असे श्रोते आज या कार्यक्रमांत दिसतात. २०२४ मध्ये रफींच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवानेही राज कपूर, तपन सिन्हा आणि अक्किनेनी नागेश्वर राव यांच्याबरोबर त्यांना अभिवादन केले. गायक गेल्यावर त्याचे गाणे इतका काळ लोकांच्या ओठांवर राहावे, हे भाग्य थोड्यांनाच लाभते.

या कार्यक्रमांना नियमाने जाणाऱ्यांच्या परिचयाची एक गोष्ट आहे. निवेदक गाण्याचा संदर्भ सांगून बाजूला होतो आणि वादक गाण्याआधीचे स्वर छेडू लागतात. गायकाने अजून तोंडही उघडलेले नसते. पण पहिल्या चारदोन स्वरांतच गाणे ओळखले जाते आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. ही दाद कोणाला असते? रफींना, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. ती दाद व्हायोलिनच्या त्या झेपेला, अ‍ॅकॉर्डियनच्या त्या तुकड्याला, ढोलकच्या त्या ठेक्यालाही असते. गाणे ही एकट्या गायकाची निर्मिती नव्हे, हे श्रोत्याला न शिकविता कळलेले आहे. जाहिरातीत मात्र वादकाला स्थान नसते, कायद्यात ते अगदी अलीकडे आणि अर्धवट मिळाले, आणि आता तर प्रत्यक्ष रंगमंचावरूनही तो दिसेनासा होऊ लागला आहे. रफींच्या स्मरणाचा प्रश्न त्यामुळे केवळ भावनेचा राहत नाही. तो हिशेबाचाही होतो.

दगडाचे स्मारक आणि श्रमाचे स्मारक

रफींचा दफनविधी १ ऑगस्ट १९८० रोजी जुहूच्या कबरस्तानात झाला. भर पावसात लोटलेल्या त्या गर्दीच्या आठवणी जुनी मंडळी अद्याप सांगतात. पण आज तेथे त्यांची कबर दाखविता येत नाही. नव्या दफनांसाठी जागा उरली नाही म्हणून २०१० मध्ये तेथील जुन्या कबरींची बांधकामे काढण्यात आली. त्यांत रफींची कबर गेली आणि अभिनेत्री मधुबालाचीही गेली. चाहते तरीही येतात आणि आसपासच्या एका झाडाच्या खुणेवरून जागा ठरवून प्रार्थना करतात. किशोरकुमार यांची गोष्ट वेगळी झाली. १३ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत निधन झाल्यावर त्यांच्यावर मध्य प्रदेशातील खांडवा या जन्मगावी अंत्यसंस्कार झाले, तेथे समाधी उभी राहिली, आणि त्यांच्या आवडीच्या दूधजिलेबीचा नैवेद्य घेऊन चाहते दरवर्षी तेथे जातात.

जागेच्या टंचाईने ग्रासलेल्या महानगरात मृतांनाही कायमचा पट्टा मिळत नाही, याचा विषाद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रफींच्या बाबतीत त्याचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांचे स्मारक जमिनीवर उरले नाही म्हणून ते पूर्णपणे रंगमंचावर आले. दगडी स्मारक हा एकदा करावयाचा भांडवली खर्च असतो. गाण्याचे स्मारक हा आवर्ती खर्च आहे; ते प्रत्येक वेळी नव्याने, माणसांच्या श्रमांतून उभे करावे लागते. एका कार्यक्रमासाठी गायकाला तयारी करावी लागते, वादकांना तालमी कराव्या लागतात, मूळ ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकून मधले तुकडे कागदावर उतरवावे लागतात. मूळ गाण्यातील एखादा बासरीचा तुकडा चुकला, तर सभागृहातील दहा माणसे तरी माना वळवून एकमेकांकडे पाहतात. असा जाणकार आणि कठोर श्रोता ज्याला लाभला, त्या स्मारकाची देखभाल स्वस्तात होणे शक्य नाही. ही देखभाल करणारे कोण, आणि त्यांच्या पदरात काय पडते, हा पुढचा प्रश्न आहे.

आवाजाची बाजारपेठ

रफी गेले तेव्हा हिंदी चित्रपटसृष्टीत त्यांच्या आवाजाची मागणी कायम होती, पुरवठा मात्र कायमचा थांबला होता. अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने पर्यायाचा शोध सुरू झाला, आणि तो ऑर्केस्ट्रांच्या रंगमंचावर येऊन थांबला. बडोद्याच्या ऑर्केस्ट्रात रफींची गाणी गाणारे शब्बीर कुमार १९८३ च्या ‘कुली’मुळे देशभर पोहोचले. कलकत्त्याच्या उपाहारगृहात गाणारे महंमद अझीझ १९८५ च्या ‘मर्द’ने पुढे आले. ऑर्केस्ट्राला ‘नकलाकारांचा तांडा’ म्हणून हिणविणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे, की प्रवेशपरीक्षा, शुल्क किंवा प्रमाणपत्र नसलेली ती एक संगीतशाळा होती. गायकांप्रमाणे वादकांचीही घडण तेथेच झाली.

पुढे कॅसेट आली आणि नकलेचे रूपांतर उद्योगात झाले. मूळ ध्वनिमुद्रणे एका जुन्या कंपनीच्या ताब्यात होती. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील एका कलमाने मात्र, सूचना देऊन व ठराविक स्वामित्वशुल्क भरून, जुने गाणे नव्या आवाजात मुद्रित करण्यास वाव ठेवला होता. टी-सिरीजने त्या फटीचा पुरेपूर उपयोग केला. सोनू निगम यांच्या आवाजातील रफींची आणि कुमार सानू यांच्या आवाजातील किशोरकुमारांची गाणी स्वस्त कॅसेटींच्या रूपाने खेडोपाडी पोहोचली. त्याच सोनू निगम यांनी २००८ मध्ये इंग्लंडमधील सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिंफनी ऑर्केस्ट्राच्या साथीने रफींची गाणी पुन्हा गायिली. युरोपीय अभिजात संगीतात मुरलेल्या वादकांनी रफींच्या गाण्यातील वाद्यमेळ नव्याने वाजवावा, हा त्या वाद्यमेळाचाच गौरव होता. कायद्यानेही पुढे फट थोडी बुजविली. २०१२ च्या दुरुस्तीनुसार मूळ मुद्रणानंतर ५ वर्षे उलटल्याशिवाय असे नवे मुद्रण करता येत नाही, आणि किमान ५०,००० प्रतींचे शुल्क द्यावे लागते.

महाराष्ट्रात मात्र या परंपरेचा खरा पोशिंदा सार्वजनिक उत्सव राहिला. गणेशोत्सव, नवरात्र, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, गिरण्यांची आणि बँकांची कर्मचारी मंडळे यांच्या सुपाऱ्यांवर कित्येक वादकांची घरे चालली. दिवसा कचेरीत कारकुनी आणि रात्री बाँगो-काँगो, अशी दुहेरी आयुष्ये अनेकांनी काढली. श्रीकांत ठाकरे यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली रफींनी मराठी भावगीते आणि भक्तिगीतेही गायिली. त्यामुळे मराठी श्रोत्याच्या घरात रफी केवळ चित्रपटाच्या वाटेने आले नाहीत, आणि त्यांच्या स्मृतीला येथे जो जिव्हाळा लाभतो त्याचे हेही एक कारण आहे.

गाणे कोणाचे?

रफींच्या काळी गाण्याचे ध्वनिमुद्रण ही सामूहिक क्रिया होती. ताडदेवचे फेमस किंवा फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब अशा ठिकाणी गायक आणि डझनावारी वादक एकाच वेळी, एकाच दालनात बसत आणि गाणे सलग मुद्रित होई. एकाची चूक झाली, तर सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. संगीत दिग्दर्शकाने चाल बांधल्यावर तिला वाद्यांचा साज चढविण्याचे काम ‘अरेंजर’ म्हणजे वाद्यवृंद-संयोजक करी. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम करणारे सेबास्टियन डिसूझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शंकर-जयकिशन यांचे साहाय्यक आणि ठेक्याचे मर्मज्ञ दत्ताराम हेही गोव्याचेच. पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनिएल्स, मुंबईचे केर्सी लॉर्ड, सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग ही नावे जाणकारांना ठाऊक आहेत. सामान्य श्रोत्याला त्यांचे तुकडे तोंडपाठ आहेत, नावे मात्र माहीत नाहीत.

गोव्याचे वादक या व्यवसायात इतक्या संख्येने का आले, याचे उत्तरही शिक्षणाच्या अर्थशास्त्रात आहे. पोर्तुगीज राजवटीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत. मुंबईच्या संगीतकारांना चाल सुचे. पण तीस-चाळीस वाद्यांना काय वाजवावयाचे ते कागदावर लिहून देणारा माणूस हवा असे. तो गोव्यातील खेड्यांतून मिळाला. धार्मिक हेतूने दिलेल्या शिक्षणाने एका वेगळ्याच उद्योगाला कुशल मनुष्यबळ पुरविले, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या सर्वांच्या श्रमांना कायद्याने काय दिले? दीर्घकाळ काहीही नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की चित्रपटासाठी मोबदला घेऊन गीत वा संगीत रचून देणाऱ्याचा, विरुद्ध करार नसल्यास, त्यावरील हक्क निर्मात्याकडे जातो. त्याच निकालाला जोडलेल्या स्वतंत्र टिपणात न्या. कृष्ण अय्यर यांनी आणखी एका उणिवेवर बोट ठेवले: ज्याच्या कंठातून गाणे जिवंत होते, त्या गायकाला तर कायदा ओळखतच नाही. कलावंताच्या हक्काची कल्पना आपल्या कायद्यात आली ती १९९४ च्या दुरुस्तीने, म्हणजे रफींच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वशुल्कातील वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद २०१२ मध्ये झाली, आणि त्याच वेळी गायक-वादकांनाही स्वामित्वशुल्काचा हक्क मिळाला.

येथे रफींच्याच आयुष्यातील एका वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत लता मंगेशकर यांनी गायकांनाही स्वामित्वशुल्क मिळावे असा आग्रह धरला. रफींचे मत निराळे होते. गायकाने गाणे गायिले, ठरलेला मोबदला घेतला, की त्याचा हक्क संपला, असे ते मानीत. या मतभेदामुळे दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले. पुढे १९६७ च्या सुमारास समेट झाला. कायद्याची पुढील वाटचाल लताबाईंच्या बाजूने झाली, हे उघड आहे. पण रफींच्या भूमिकेत एक औदार्य होते, हेही नाकारता येणार नाही. आज गावोगावचे जे गायक त्यांची गाणी गाऊन चार पैसे मिळवितात, ते एका अर्थी रफींच्या त्या भूमिकेचेच वारस आहेत.

मात्र औदार्य ज्याचे त्याने दाखवावयाचे असते. रफींनी आपला हक्क सोडला, म्हणून त्यांच्या पाठीमागे बसलेल्या व्हायोलिनवादकाचाही सुटला, असे होत नाही. १९९४ च्या व्याख्येत गायकाबरोबर वादकही ‘कलावंत’ ठरला खरा. परंतु २०१२ मध्ये त्या व्याख्येला एक परंतुक जोडले गेले. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला बहुतेक बाबतींत कलावंत मानावयाचे नाही, असा त्याचा आशय आहे. ज्याचे नाव कधीच छापले गेले नाही, त्याला या परंतुकाची झळ पोहोचण्याचा धोका सर्वांत अधिक. नाव छापणे हा केवळ सौजन्याचा भाग नसून त्यावर हक्कही अवलंबून असू शकतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वादक महाग का वाटतो?

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या आर्थिक कोंडीचे विवेचन केले. त्यांचा मुद्दा सोपा आहे. कारखान्यात यंत्रांमुळे एका कामगाराचे उत्पादन वर्षानुवर्षे वाढते आणि त्याबरोबर मजुरीही वाढते. पण चौघांनी वाजवावयाची अर्ध्या तासाची रचना शंभर वर्षांपूर्वी चौघांनाच अर्धा तास वाजवावी लागे, आणि आजही तेवढीच माणसे व तेवढाच वेळ लागतो. वादकाची उत्पादकता वाढत नाही. त्याचे घरभाडे आणि मुलांच्या शाळेचे शुल्क मात्र इतरांइतकेच वाढते. म्हणून प्रत्यक्ष वाजविलेले संगीत इतर वस्तूंच्या तुलनेने सतत महाग होत जाते. यात कोणाचा दोष नाही. कलेच्या स्वरूपातच ती अडचण आहे.

अशा वेळी पर्याय शोधला जाणारच. १९८० नंतर सिंथेसायझर आला आणि व्हायोलिनचा ताफा एका कीबोर्डवर आला. ऑक्टोपॅडने चार तालवादकांचे काम एकाच्या हाती दिले. तरी तोवर निदान माणसे वाजवीत होती. त्यानंतरची पायरी कॅराओकेची. १९७१ च्या सुमारास जपानमधील कोबे शहरात दाइसुके इनोउए या वादकाने गायकाविना साथसंगत पुरविणारे यंत्र तयार केले; त्याने त्याचे पेटंटही घेतले नाही. त्या कल्पनेची पुढची आवृत्ती आज एका पेनड्राइव्हमध्ये मावते. आयोजकाच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. बारा वादक म्हणजे बारा मानधने, तालमींची जागा, प्रवास, भोजन. ट्रॅकला यांपैकी काहीच लागत नाही, आणि तो कधी बेसूरही होत नाही.

त्यातच २०२० आली. मार्च महिन्यात बंद झालेली नाट्यगृहे मधल्या अल्पकाळाचा अपवाद वगळता दीड वर्ष बंदच राहिली; ती २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. सलग दोन गणेशोत्सव रंगमंचावाचून गेले. रोजंदारीवर जगणाऱ्या वादकाला ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजेचा पगार. काहींनी वाद्ये विकली, काहींनी धंदा बदलला. नाट्यगृहे उघडली तेव्हा ट्रॅकवर गाण्याची सवय घराघरांत मुरली होती.

कॅराओकेला सरसकट नावे ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. जन्मभर नोकरी आणि संसार करून निवृत्त झालेला माणूस साठीनंतर माइक हाती घेतो आणि तरुणपणी मनात दडपलेले रफींचे गाणे चारचौघांत गातो, यात अपार आनंद आहे. बारा वादक परवडणार नाहीत म्हणून त्याने गाऊच नये, असे कोण म्हणेल? ज्यांना पूर्वी रंगमंच दुरूनच पाहावा लागे, त्यांना या यंत्राने तो खुला केला. हौशी गायनाच्या वर्तुळात ते राहावे, वाढावे. प्रश्न आहे तो तिकीट लावून, ‘रफींना आदरांजली’ असे मथळे देऊन होणाऱ्या व्यावसायिक कार्यक्रमांचा. तेथे श्रोता जे विकत घेतो, ते त्याला मिळते काय?

गायक पडद्यावर, वादक रंगमंचावर

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण उद्बोधक आहे. एल्विस प्रेस्ली हा गायक १६ ऑगस्ट १९७७ रोजी मेंफिस येथील आपल्या घरी मरण पावला. त्याचे हे घर १९८२ पासून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे आणि दरवर्षी पुण्यतिथीच्या पूर्वसंध्येला हजारो चाहते तेथे मेणबत्त्या घेऊन रांगेने जातात. त्याच्यासारखा वेश करून गाणाऱ्यांचा तर एक स्वतंत्र व्यवसायच झाला असून त्यांच्या रीतसर स्पर्धा होतात. पण सर्वांत लक्षणीय ठरला तो १९९७ मध्ये, विसाव्या पुण्यतिथीच्या निमित्ताने, मेंफिस येथे झालेला प्रयोग. एल्विसच्या जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफितीतून त्याचा आवाज वेगळा काढण्यात आला, तो पडद्यावर गाऊ लागला, आणि त्याच्यामागे पूर्वी ज्यांनी प्रत्यक्ष साथ केली होती तेच वादक, वीस वर्षांनी वयस्क होऊन, रंगमंचावर बसून वाजवू लागले. हा कार्यक्रम पुढे अनेक देशांत झाला.

गायक पडद्यावर आणि वादक प्रत्यक्ष, असा तो प्रकार होता. आपल्याकडे नेमके उलट घडत आहे: गायक प्रत्यक्ष आणि वादक पेनड्राइव्हमध्ये. दोन्हींत यंत्राचा आधार घेतलेला आहे, पण आधार कोठे घ्यावयाचा याचा विचार भिन्न आहे. मेंफिसमध्ये जो खरोखरच परत येऊ शकत नव्हता, त्याच्यापुरतेच यंत्र वापरले गेले. जे हयात होते त्यांना काम मिळाले आणि मानही मिळाला. आपण हयात माणसांच्या जागी यंत्र बसवीत आहोत आणि त्यालाच दिवंगताची आठवण म्हणत आहोत.

यापुढची पायरी तर उंबरठ्यावर येऊन ठेपली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आता मृत गायकाचा आवाजच नव्याने निर्माण करता येतो. २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचा आवाज अशा रीतीने वापरला. त्यासाठी कुटुंबीयांची संमती घेऊन मोबदला दिल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच वर्षी एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या कुटुंबीयांनी, संमतीवाचून त्यांचा आवाज वापरल्याबद्दल एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना नोटीस दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या दाव्यात असा वापर अंतरिम आदेशाने रोखला. पण ते हयात गायक आहेत. मृत व्यक्तीचे व्यक्तिमत्त्वविषयक हक्क तिच्याबरोबरच संपतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका अभिनेत्याच्या संबंधात म्हटले आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्याने मात्र १९८४ मध्येच कायदा करून मृताच्या नावावरील व प्रतिमेवरील हक्क वारसांना दिला आणि २०२४ मध्ये त्यात आवाजाचाही समावेश केला. आपल्या संसदेलाही हा विषय फार काळ टाळता येणार नाही. तो हाती घेताना वारसांच्या हिताबरोबर रंगमंचावर गाणाऱ्या सामान्य कलावंताचा विचार व्हावा. स्वतःच्या गळ्याने रफींचे गाणे गाणारा आणि यंत्रातून रफींचा गळा काढणारा, यांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे ठरेल.

थोडे, पण करता येण्याजोगे

मोठ्या उपायांची वाट न पाहता काही गोष्टी आजही करता येतील. पहिली म्हणजे, तिकीट लावलेल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या जाहिरातीत वादक प्रत्यक्ष वाजविणार आहेत की मुद्रित ट्रॅक वापरला जाणार आहे, हे स्पष्ट लिहिले जावे. तुपाच्या डब्यावर ते शुद्ध की वनस्पती, हे छापण्याची सक्ती असते; श्रोताही ग्राहकच आहे. यास आयोजकाला एक पैचाही खर्च नाही, आणि ज्याला जे हवे ते तो डोळसपणे निवडील.

दुसरी गोष्ट नावांची. रंगमंचावरील प्रत्येक वादकाचे नाव पत्रकात छापावे, आणि निवेदकाने गाण्याचा गीतकार व संगीतकार सांगताना मूळ संयोजकाचे व वादकाचे नाव, जेथे ते निश्चित ज्ञात आहे तेथे, सांगावे. आज निवेदकाचा बराच वेळ चित्रपटाच्या नायक-नायिकेच्या किश्शांत जातो. त्यातील अर्धा मिनिट सेबास्टियन डिसूझांना दिल्याने कार्यक्रम रटाळ होणार नाही.

तिसरी गोष्ट नाट्यगृहांच्या भाड्याची. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर किंवा ठाण्याचे गडकरी रंगायतन यांसारखी नाट्यगृहे नगरपालिकांनी नागरिकांच्या पैशातून उभारली आहेत. पूर्ण वाद्यवृंद घेऊन होणाऱ्या कार्यक्रमांना तेथे भाड्यात सवलत मिळावी. ही खिरापत वाटणे नव्हे. ज्या कौशल्याचा लाभ साऱ्या समाजाला होतो पण ज्याची पूर्ण किंमत बाजार देत नाही, त्याला सार्वजनिक निधीने हात द्यावा, हे अर्थशास्त्रातील जुने आणि सर्वमान्य तत्त्व आहे.

चौथी गोष्ट आयोजकांच्या कर्तव्याची. लग्नसमारंभात किंवा विनातिकीट हौशी मंडळात गाणे म्हणण्यास कायद्याने सूट दिली आहे. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला मात्र गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना लागतो. तो चुकवून ‘श्रद्धांजली’ वाहणे म्हणजे एकाचे ऋण फेडण्यासाठी दुसऱ्याचा खिसा कापणे होय.

शेवटची गोष्ट अधिक काळ घेणारी आहे. जुन्या संयोजकांनी हाताने लिहिलेली स्वरलिपीची पाने जपण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. पण आजच्या ऑर्केस्ट्रांतील ज्येष्ठ वादकांनी ध्वनिमुद्रिका ऐकून तीच गाणी पुन्हा लिहून काढलेली आहेत. त्यांच्या घरातील या वह्या हा आपल्या संगीताच्या इतिहासाचा मोलाचा ऐवज आहे. शताब्दीच्या निमित्ताने गोळा झालेल्या देणग्यांचा काही भाग या वह्या संकलित करण्यासाठी आणि तरुण वादकांना ते तुकडे शिकविण्यासाठी खर्च झाला, तर रफींच्या गाण्याला पुढील पन्नास वर्षांचे आयुष्य मिळेल. पुतळा किंवा चौकाचे नाव यांनी ते साधणार नाही.

रफींनी स्वतःपुरता हिशेब हयातीतच मिटविला होता. ठरलेल्या मोबदल्यापलीकडे त्यांनी काही मागितले नाही. त्यांच्या गाण्याला ज्यांनी अंग दिले, त्या वादकांचा हिशेब मात्र कोणी मांडलाच नाही. त्यांच्यापैकी बहुतेक आज हयात नाहीत, आणि त्यांचे देणे आता फेडावयाचे ते त्यांच्या जागी बसून त्यांचेच तुकडे वाजविणाऱ्या माणसांना. ती माणसे आहेत, वाजवीत आहेत, आणि त्यांना पुरेसे काम नाही. रफींच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमात या माणसांना बसावयास खुर्ची, पत्रकात नाव आणि रास्त मानधन मिळाले पाहिजे. एवढेही जमत नसेल, तर त्या कार्यक्रमाला आदरांजली हा शब्द लावण्यापूर्वी आयोजकांनी आणि श्रोत्यांनीही विचार करावा.